लैंगिक संसर्गांचा मागोवा : कोल्हापूर परिसर आणि आकड्यांची घडण

लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग एखाद्या प्रदेशात वाढत आहेत की ओसरत आहेत, कोणत्या वयात, कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या समाजगटात ते अधिक आढळतात, हे वर्षानुवर्षे पाहत राहणे हे सार्वजनिक आरोग्यशास्त्रातील अत्यंत अवघड कामांपैकी एक आहे. पटकीचा रुग्ण दवाखान्यात आणल्यावाचून गत्यंतर नसते आणि हिवतापाच्या रुग्णाला आपला आजार सांगताना संकोच वाटत नाही. लैंगिक संसर्गाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा रुग्णाला आजाराची जाणीवच नसते, जाणीव झाली तर तो लपवला जातो, आणि लपवणे अशक्य झाले तर जिथे नोंद राहणार नाही अशा ठिकाणी त्यावर औषध घेतले जाते. त्यामुळे या क्षेत्रातील प्रत्येक आकडा हा आजाराचा आकडा असण्याआधी दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या, तेथे तपासल्या गेलेल्या आणि वहीत लिहिल्या गेलेल्या माणसांचा आकडा असतो. आजार आणि त्याची मोजणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून वाचण्याची सवय लागल्याखेरीज या विषयात एक पाऊलही खात्रीने टाकता येत नाही, आणि कोल्हापूरसारख्या जिल्ह्याचा मागोवा घेताना तर ही सवय क्षणोक्षणी कसाला लागते.

या गटात मोडणारे आजार एका जातीचे नाहीत. उपदंश, ज्याला बोलीत गरमी म्हणतात, आणि परमा हे दोन जुने व सर्वपरिचित आजार आहेत; क्लॅमिडिया हा त्यांच्यापेक्षा मूकपणे वाढणारा जिवाणूजन्य संसर्ग आहे; ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी आहे. हे चारही योग्य औषधांनी पूर्ण बरे होतात. याउलट जननेंद्रियांवर पुरळ व व्रण उठवणारा हर्पीस, यकृताला इजा करणारा हिपॅटायटिस-बी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू आणि एचआयव्ही हे चार विषाणूजन्य संसर्ग काबूत ठेवता येतात किंवा लसीने टाळता येतात, परंतु दीर्घकालीन संसर्ग औषधाने समूळ नाहीसा होईलच असे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पहिल्या चार बऱ्या होणाऱ्या आजारांची जगभरात १५ ते ४९ या वयोगटात रोज दहा लाखांहून अधिक नवी लागण होते, आणि त्यातील बहुसंख्य लागण लक्षणांविना असते. उपचाराविना राहिलेल्या परम्यातून व क्लॅमिडियातून स्त्रीच्या गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येते, गरोदरपणातील उपदंशातून गर्भपात, मृतजन्म किंवा बाळाचा जन्मजात उपदंश उद्भवतो. म्हणजे लक्षणे नसली तरी परिणाम असतातच, आणि ते बहुतांशी बाईच्या आणि बाळाच्या वाट्याला येतात.

कोल्हापूर जिल्हा अशा अभ्यासासाठी मुद्दाम निवडावा इतका गुंतागुंतीचा आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती आणि ती बारा तालुक्यांत विभागलेली होती. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड हा पश्चिमेकडील डोंगराळ व पावसाळी पट्टा, आणि शिरोळ, हातकणंगले हा पंचगंगा-कृष्णेच्या काठचा उसाचा सधन पट्टा, यांतील आरोग्यसुविधांचे अंतर मोठे आहे. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींना लागून कागलवरून निपाणीकडे, म्हणजे कर्नाटकात उतरतो, आणि त्याच्यासोबत मालमोटारींची अखंड वाहतूक उतरते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थानातून आलेले कामगार वर्षातील बराच काळ कुटुंबाविना राहतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, पाच-सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या टोळ्यांतील बाईला अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास सुरू झाला, तर एका दिवसाची मजुरी बुडवून ती अनोळखी गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाईल ही शक्यता कमी असते, आणि गेलीच तर तिची नोंद कोल्हापूरच्या खात्यावर पडेल की तिच्या मूळ जिल्ह्याच्या, याचे उत्तर ती नोंद कोण आणि कोणत्या वहीत करतो यावर अवलंबून राहते.

येथे प्रमाण काढण्याच्या साध्या गणिताचाच पाया डळमळतो. कोणतेही प्रमाण म्हणजे एक भागाकार असतो : वर रुग्णांची संख्या आणि खाली ज्या लोकसंख्येतून ते आले ती संख्या. चंदगड तालुक्यातील अनेक रुग्णांना बेळगाव जवळ पडते म्हणून ते तिकडे जातात, शिरोळ तालुक्यातील लोक मिरज-सांगलीची वाट धरतात, तर सिंधुदुर्गातून आणि सीमेपलीकडच्या गावांतून आलेले रुग्ण कोल्हापुरात ज्याला थोरला दवाखाना म्हणतात त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये दाखल होतात. परिणामी भागाकाराच्या वर जिल्ह्याबाहेरची माणसे मिसळतात, जिल्ह्यातली काही माणसे त्यातून निसटतात, आणि खाली मात्र जनगणनेतील स्थिर आकडा तसाच राहतो. निपाणी आणि कागल यांच्यामध्ये भाषा, सोयरीक आणि बाजार यांची सरमिसळ असली तरी एका गावाचा अहवाल महाराष्ट्राच्या एड्स नियंत्रण संस्थेकडे जातो आणि दुसऱ्याचा कर्नाटकाच्या. संसर्ग माणसांच्या येण्याजाण्याबरोबर प्रवास करतो, अहवाल मात्र प्रशासकीय हद्दीत थांबतो. म्हणून येथे ‘जिल्हा’ऐवजी ‘परिसर’ हा अभ्यासाचा घटक धरणे अधिक न्याय्य ठरते.

मोजणीच्या तंत्राकडे वळण्याआधी मोजणीच्या इतिहासातील एक काळी बाजू सांगणे अगत्याचे आहे, कारण लोक आजही आजार का लपवतात याचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. ब्रिटिश सरकारने १८६८ साली हिंदुस्थानासाठी सांसर्गिक रोगांचा कायदा केला, तो मुख्यतः छावण्यांतील गोऱ्या शिपायांचे आरोग्य राखण्यासाठी. त्या कायद्यान्वये वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची सक्तीने नोंदणी व शारीरिक तपासणी होई आणि रोग आढळल्यास त्यांना खास रुग्णालयांत कोंडून ठेवले जाई; त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांवर अशी सक्ती नव्हती. कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, पण आजाराचे मूळ एका विशिष्ट वर्गाच्या बाईत आहे ही समजूत रद्द झाली नाही. शंभर वर्षांनंतर, १९८९ मध्ये, शेजारच्या गोव्यात रक्तदानानंतर एचआयव्हीबाधित आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला तत्कालीन आरोग्य कायद्याच्या आधारे ६४ दिवस एकांतात डांबून ठेवण्यात आले. तपासणीचा निकाल ज्याला कळेल तो आपल्याला शिक्षा करील अशी भीती ज्या समाजात असते, तेथे तपासणीला येणारी माणसे कमी होतात आणि आकडे आपोआप ‘सुधारतात’. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम २०१७, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, त्याने संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि निकाल उघड करण्यास मनाई केली, ती केवळ मानवी हक्कांची बाब नव्हे. विश्वासार्ह आकडेवारीची ती पूर्वअट आहे.

कोल्हापूर परिसराला या बाबतीत आणखी एक जुना संदर्भ आहे. यल्लम्मेला मुली सोडण्याच्या प्रथेविरुद्ध राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये संस्थानात कायदा केला, पुढे १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा आला, आणि १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली. गडहिंग्लज, निपाणी, सांगली, मिरज या पट्ट्यातून मोठ्या शहरांकडे गेलेल्या आणि आजारी होऊन परतलेल्या स्त्रियांनी एड्सच्या साथीची पहिली किंमत मोजली. सांगलीत १९९० च्या दशकात संग्राम या संस्थेने आणि तिच्या कामातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने कंडोम वाटपाचे काम स्वतः या व्यवसायातील स्त्रियांच्या हाती दिले, आणि ज्यांना आजवर केवळ ‘जोखमीचा गट’ म्हणून मोजले जात होते त्या स्त्रिया स्वतःच्या वस्तीची माहिती स्वतः ठेवू लागल्या. या परिसरातील आकडेवारीची गुणवत्ता जिथे चांगली आहे, तिथे ती प्रामुख्याने अशा विश्वासाच्या नात्यामुळे चांगली आहे.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ साली चेन्नईत प्रथम आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, १९९२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. १९९८ पासून देशभर १८० केंद्रांवर सेंटिनेल सर्वेक्षणाची पद्धत रुळली. सेंटिनेल सर्वेक्षण म्हणजे सर्व लोकसंख्येची तपासणी न करता काही ठरावीक ठिकाणी, ठरावीक गटांतील, ठरावीक संख्येच्या लोकांची, ठरावीक तीन महिन्यांत त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा केलेली तपासणी होय. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत एका केंद्रावर ओळीने येणाऱ्या ४०० स्त्रियांचे नमुने घेतले जातात, आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसारख्या जोखमीच्या गटांत ही संख्या २५० असते. गरोदर स्त्रीचे रक्त एरवीही तपासले जातेच, त्यातील उरलेला अंश नाव-गाव पुसून वेगळा काढला की कोणालाही वेगळी सुई न टोचता सर्वसाधारण समाजातील संसर्गाचा अंदाज मिळतो. म्हणून या गटाला इतके महत्त्व दिले गेले. जिल्ह्यातील कोणत्याही केंद्रावर गरोदर स्त्रियांतील प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळल्यास तो जिल्हा ‘अ’ वर्गात टाकण्याचा निकष पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ठरला, आणि कोल्हापूरसह महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हे त्या वर्गात होते.

या पद्धतीची ताकद आकड्याच्या अचूकतेत नसून सातत्यात आहे, हे वर्तमानपत्री मथळे लिहिणारे आणि कधी कधी आढावा बैठका घेणारेही विसरतात. कल्पनेने एक उदाहरण घेता येईल. एखाद्या केंद्रावर एका वर्षी ४०० पैकी दोन स्त्रिया बाधित आढळल्या आणि पुढच्या फेरीत चार आढळल्या, तर प्रमाण ०.५ टक्क्यावरून १ टक्क्यावर गेले आणि ‘जिल्ह्यात संसर्ग दुप्पट’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ४०० मध्ये दोन या निकालामागचे खरे प्रमाण ०.०६ पासून १.८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, आणि ४०० मध्ये चार या निकालामागचे ०.३ पासून २.५ टक्क्यांपर्यंत, हे दोन पट्टे एकमेकांवर इतके चढतात की वाढ झाली असे खात्रीने म्हणता येत नाही. एका केंद्राच्या दोन फेऱ्यांवरून कल ठरत नाही. पाच-सहा फेऱ्या, आणि शेजारच्या केंद्रांची साथ असेल तरच रेघेला अर्थ येतो.

मोजणीची रीत बदलली की आकडा कसा कोसळतो याचे सर्वांत मोठे उदाहरण राष्ट्रीय पातळीवर २००७ मध्ये घडले. तोवर देशात ५० लाखांहून अधिक एचआयव्हीबाधित असल्याचा अंदाज सांगितला जात असे. त्या वर्षी तो सुमारे २५ लाखांवर आला. एका वर्षात निम्मे रुग्ण बरे झाले नव्हते किंवा मरणही पावले नव्हते. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २००५-०६ मध्ये, घरोघरच्या एक लाखाहून अधिक लोकांची रक्ततपासणी प्रथमच झाली, तीत १५ ते ४९ वयोगटातील प्रमाण देशात ०.२८ टक्के आणि महाराष्ट्रात ०.६२ टक्के निघाले, आणि मुख्यतः सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या स्त्रियांवरून बांधलेले आधीचे अंदाज फुगलेले होते हे ध्यानात आले. ज्यांनी त्या वेळी हा फरक कार्यक्रमाच्या यशाचा म्हणून मिरवला किंवा आधीची आकडेवारी खोटी होती म्हणून हिणवले, त्या दोघांनीही मोजणीचे शास्त्र समजून घेतले नव्हते. प्रत्यक्ष घट झाली होतीच, पण ती पाहायची तर एकाच पद्धतीने मोजलेल्या केंद्रांची जुनी-नवी रेघ पाहावी लागते.

याच ओघात दोन संज्ञांमधील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या दिवशी समाजात एकूण किती लोक बाधित आहेत हे सांगणाऱ्या प्रमाणाला व्याप्ती म्हणतात, आणि एका वर्षात किती लोकांना नव्याने लागण झाली हे सांगणाऱ्या प्रमाणाला नवसंसर्गाचा दर म्हणतात. भारतात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. औषध घेणारी व्यक्ती दीर्घकाळ जगते, म्हणून नवी लागण कमी होत असतानाही व्याप्ती चटकन खाली येत नाही. ही स्थिर दिसणारी व्याप्ती अपयशाची खूण नसून वाचलेल्या जिवांची खूण असते. नव्या लागणीचा माग हवा असेल तर १५ ते २४ वयाच्या, विशेषतः पहिलटकरीण स्त्रियांतील प्रमाण वेगळे काढून पाहतात, कारण त्यांचा लैंगिक संबंधांचा काळ अल्प असल्याने त्यांच्यातील संसर्ग बहुधा अलीकडचा असतो. जिल्ह्याच्या अहवालात हा एक रकाना स्वतंत्र छापला गेला, तर अनेक पानांच्या तक्त्यांपेक्षा तो अधिक सांगून जाईल.

एचआयव्हीखेरीज इतर लैंगिक संसर्गांची प्रत्यक्ष प्रयोगशाळेतून तपासणी कोल्हापुरात मोठ्या प्रमाणावर झाली ती ‘आवाहन’ प्रकल्पाच्या काळात. बिल व मेलिंडा गेट्स फाउंडेशनच्या निधीतून २००३ मध्ये सहा राज्यांत सुरू झालेल्या या प्रकल्पाचा परिणाम जोखण्यासाठी वर्तन आणि जैविक तपासणी यांची एकत्रित पाहणी दोन फेऱ्यांत झाली, आणि महाराष्ट्रात देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीसाठी निवडलेल्या जिल्ह्यांत मुंबई, ठाणे, पुणे, यवतमाळ यांच्याबरोबर कोल्हापूर होते. कंडोमच्या वापराबद्दल प्रश्न विचारणे आणि त्याच व्यक्तीच्या रक्तातून एचआयव्ही व उपदंश, तर लघवीतून परमा व क्लॅमिडिया तपासणे, अशी ही दुहेरी रीत होती. माणूस जे सांगतो ते आणि शरीर जे सांगते ते एकाच वेळी समोर आल्याने तिची विश्वासार्हता मोठी होती. परंतु प्रकल्प काही वर्षांत सरकारी यंत्रणेकडे सोपवला गेला आणि त्या तोडीची पाहणी नियमित राहिली नाही. दोन बिंदूंमधून रेघ काढता येते. कल मात्र त्यानंतरच्या बिंदूंनी ठरतो.

शिवाय अशा पाहण्या जोखमीच्या गटांभोवती फिरतात आणि घरातील विवाहित स्त्री त्यांच्या बाहेर राहते. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या ९१६ स्त्रियांपैकी ३९१ जणी देहविक्री न करणाऱ्या, बहुतांशी विवाहित होत्या, आणि त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण १३.६ टक्के आढळले. त्यांच्यापैकी बहुतेकींना नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध नसल्याचे त्यांनी सांगितले होते. त्याहून आधी, १९८९ मध्ये, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तक्रारी सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या, पण तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. या अभ्यासाने जगाला जे दाखवले ते कोल्हापूरच्या चंदगड-आजऱ्यालाही लागू आहे : दवाखान्यात बसून केलेली मोजणी गावातील दुखण्याचा फार थोडा भाग पाहते.

आज जिल्ह्यातील मोजणी प्रत्यक्षात कशी होते हे जवळून पाहिले तर या मर्यादा उमगतात. वैद्यकीय महाविद्यालयांत, इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या रुग्णालयांत आणि उपजिल्हा रुग्णालयांत नाकोची ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने ओळखली जाणारी केंद्रे चालत आली आहेत. तेथे लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत आहे. म्हणजे प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता, रुग्णाच्या तक्रारीवरून आणि तपासणीवरून, ज्या ज्या जंतूंमुळे ती तक्रार उद्भवू शकते त्या सर्वांवरील औषधे एकत्र दिली जातात. औषधांचे सात रंगांचे संच असतात : मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव असेल तर करडा, योनीस्रावाला हिरवा, जननेंद्रियावरील व्रणाला पांढरा, त्याच व्रणाच्या रुग्णाला पेनिसिलिन चालत नसेल तर निळा, हर्पीसला लाल, ओटीपोटातील दुखण्याला पिवळा आणि जांघेतील गाठीला काळा. ग्रामीण भागासाठी ही पद्धत उपकारक ठरली आहे, कारण पुन्हा येण्याची शाश्वती नसलेल्या रुग्णाला पहिल्याच भेटीत औषध मिळते. पण नोंदवहीत मात्र जंतूचे नाव येत नाही, संचाचा रंग येतो. एखाद्या महिन्यात हिरव्या संचाच्या नोंदी वाढल्या तर योनीस्रावाच्या तक्रारी वाढल्या एवढेच कळते; त्यातील मोठा भाग बुरशीमुळे किंवा योनीतील नैसर्गिक जिवाणूंचा समतोल ढळल्यामुळे झालेला, म्हणजे काटेकोर अर्थाने लैंगिक संक्रमणाचा नसलेला असू शकतो. नोंदवहीतील ‘जोडीदारावर उपचार’ हा रकाना त्यातल्या त्यात सर्वांत बोलका असतो, कारण तो रिकामा असेल तेव्हा बाई बरी होऊन त्याच घरात त्याच संसर्गाकडे परत गेली असा त्याचा अर्थ होतो. समुपदेशकांनी या रकान्यासाठी केलेल्या धडपडीला जिल्ह्याच्या मासिक अहवालात मिळायला हवे तेवढे वजन मिळत नाही.

उपदंश हा त्या मानाने मोजायला सोपा आजार आहे, कारण त्याची रक्ततपासणी स्वस्त आहे आणि प्रत्येक गरोदर स्त्रीची ती होणे अपेक्षित आहे. तरीही तिच्या वाचनात गफलत होते. व्हीडीआरएल या जुन्या चाचणीत रक्तद्रवावर एक ठरावीक द्रावण टाकून सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या धरतात का ते पाहतात, मग रक्तद्रव दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करत कोणत्या पायरीपर्यंत गुठळ्या दिसतात ते लिहितात. आठपट किंवा त्याहून अधिक पातळ करूनही प्रतिक्रिया टिकली तर सक्रिय उपदंशाचा संशय बळावतो. पण ही चाचणी उपदंशाच्या जंतूलाच थेट ओळखत नाही. गरोदरपणात, हिवतापात, काही सांधेविकारांतही ती फसवी होकारार्थी येऊ शकते. समजा दहा हजार गरोदर स्त्रियांपैकी खऱ्या दहा जणींना उपदंश आहे आणि चाचणी निरोगी व्यक्तीच्या बाबतीत शंभरात एकदा चुकते. तर खऱ्या दहांच्या सोबत सुमारे शंभर खोट्या होकारार्थी नोंदी वहीत येतील. म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या, जंतूविशिष्ट चाचणीने खात्री करणे अनिवार्य आहे, आणि ती दुसरी चाचणी एकदा होकारार्थी आली की बहुधा जन्मभर तशीच राहते, त्यामुळे पूर्वी उपचार घेतलेली स्त्रीही तीत पुन्हा दिसते. दोन्ही चाचण्यांचा निकाल, पातळ करण्याची पायरी आणि आधीच्या उपचाराची नोंद एकत्र नसेल, तर जिल्ह्यातील उपदंशाची रेघ वर गेली काय किंवा खाली आली काय, तिच्यावर विसंबता येत नाही. निदान झालेल्या स्त्रीला २४ लाख युनिट बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर बाळ वाचते. तीव्र ॲलर्जीच्या भीतीपोटी ते टाळून तिला पुढच्या रुग्णालयात धाडणे ही ग्रामीण भागातील जुनी रीत मात्र अजून पुरती गेलेली नाही. सेंटिनेल सर्वेक्षणाच्या २०२१ च्या फेरीत एचआयव्हीबरोबर उपदंश, हिपॅटायटिस-बी आणि हिपॅटायटिस-सी यांचा एकत्र विचार झाला, हे योग्य दिशेचे पाऊल आहे.

परम्याची गोष्ट याहून चिंतेची आहे, कारण तेथे नुसते किती रुग्ण हे कळून भागत नाही, तर त्यांच्यातील जंतूवर कोणते औषध चालते हेही कळावे लागते. पेनिसिलिन आणि नंतर सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे या जंतूपुढे एकामागून एक निकामी झाली, म्हणूनच आजच्या करड्या संचात सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन आहेत. हा जंतू नाजूक असतो. स्राव घेतल्यापासून थोड्या वेळात योग्य माध्यमावर त्याची पेरणी झाली नाही तर तो वाढत नाही, आणि तेवढी तयारी असलेल्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. इकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणाऱ्या अझिथ्रोमायसिनच्या एक-दोन गोळ्यांवर अनेक पुरुष आपला त्रास परस्पर मिटवतात. लक्षण जाते, संसर्ग कधी जातो कधी राहतो, आणि नोंद तर होतच नाही. कोल्हापूरच्या सरकारी केंद्रांतील पुरुष रुग्णांची कमी संख्या वाचताना हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. क्लॅमिडियाची खात्रीची चाचणी महागडी असल्याने नेहमीच्या तपासणीत तिचा समावेशच नाही, म्हणून त्या आजाराचा कल या परिसरात कोणालाच सांगता येत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूबाबत महाराष्ट्राने मात्र जगाला उपयोगी पडेल असे काम केले आहे : उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या विषाणूची एकदाच केलेली तपासणीसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी करते असे दिसून आले. खेड्यातील स्त्रिया अशा तपासणीला तयार होत नाहीत, ही नेहमी पुढे केली जाणारी सबब त्या अभ्यासाने निकालात काढली.

या सर्व विवेचनातून एक निष्कर्ष ठामपणे मांडावासा वाटतो. कोल्हापूर परिसरात एचआयव्हीची रेघ खाली आली हे खरे आहे आणि त्याचे श्रेय औषधोपचाराला, कंडोमला, समुपदेशकांना आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनांना आहे. पण ती खाली आल्याचे कळले, कारण ती वर्षानुवर्षे त्याच रीतीने मोजली गेली. इतर लैंगिक संसर्गांना ती काळजी मिळाली नाही. एचआयव्हीच्या निधीचा ओघ आटला तर जी काही मोजणी आहे तीही विरळ होईल, आणि तपासण्या कमी झाल्यामुळे कमी दिसणारे आकडे पुन्हा यश म्हणून छापले जातील. करोनाच्या २०२० सालात दवाखान्यांत येणे-जाणे थांबले असताना ज्या नोंदी घटल्या, त्यांची घट आजाराची मानणे किती धोक्याचे आहे हे अनुभवास आले आहे.

जिल्ह्यातील बहुसंख्य लैंगिक आजारांवर खासगी दवाखान्यांत उपचार होतात आणि तेच आजवरच्या मोजणीच्या बाहेर आहेत. इचलकरंजी, गडहिंग्लज, जयसिंगपूर, वडगाव येथील त्वचारोग, स्त्रीरोग आणि कुटुंबवैद्यकाच्या व्यवसायातील डॉक्टरांनी रुग्णाचे नाव न देता केवळ वय, लिंग, तालुका, तक्रार आणि तपासणीचा निकाल एवढ्या पाच गोष्टी दरमहा जिल्ह्याच्या एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला कळवण्याची रीत पाडली, तर तीन-चार वर्षांत या परिसराला स्वतःचा विश्वसनीय कल मिळू शकेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. या विषयाच्या वाचकांत जे वैद्यकीय व्यवसायात आहेत, त्यांनी ही नोंद आपल्या दवाखान्यातून येत्या महिन्यापासून सुरू करावी, ही त्यांना आग्रहाची विनंती आहे.